अपरिग्रह आणि घराची व्यवस्था

१९२७ च्या मार्च महिन्यात, अतिश्रमामुळे, कोल्हापूर येथे गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. आंबोलीस काही दिवस विश्रांती घेतल्यावर ते म्हैसूर संस्थानातील नंदी पर्वतावर गेले व जूनमध्ये बंगळूरच्या कुमारा पार्क भागात राहावयास आले. ह्या मुक्कामात सत्तावन्न वर्षांच्या त्या रुग्णाने तेथील सरकारी दुग्धशाळेत जाऊन गोपालनाचे धडे घेतले. विश्रांतीच्या दिवसांत गोठ्याचा हिशेब शिकणे प्रथमदर्शनी विचित्र वाटते खरे. परंतु अध्यात्म देवघराच्या उंबरठ्याशी थांबत नाही, ते कोठीच्या खोलीपर्यंत आणि मोरीपर्यंत पोचले पाहिजे, अशीच त्यांची धारणा होती.

पुढे १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी साबरमतीच्या आश्रमवासीयांना दर मंगळवारी एकेका व्रतावर पत्रे लिहिली. त्यांत अपरिग्रहाचा संबंध त्यांनी अस्तेयाशी जोडला आहे. जी वस्तू आपण चोरली नाही, पण जिची आपल्याला गरजही नाही, ती बाळगणे हे चोरीसारखेच होय, असा त्या विवेचनाचा आशय आहे. हा विचार कठोर आहे. वाचकाने तो एकदम संपूर्ण घराला लावू नये, एका कपाटाला लावून पाहावा. त्यातील प्रत्येक वस्तू हाती घेऊन विचारावे: ही गेल्या वर्षभरात कोणी वापरली? हिची धूळ कोण पुसते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मालकाचे नाव नसते.

अपरिग्रह म्हणजे बेफिकिरीने टाकून देणे, असा मात्र समज होऊ नये. काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली एक आठवण ह्या संदर्भात महत्त्वाची आहे. १९१५ च्या मुंबई काँग्रेसच्या वेळी गांधीजी एक लहानशी पेन्सिल शोधीत होते. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढे केली; ती त्यांनी घेतली नाही. मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेला तो तुकडा होता, आणि तो सापडेपर्यंत त्यांना चैन पडले नाही. ज्याच्याजवळ वस्तू थोड्या, त्याला प्रत्येकीची आठवण राहते.

आता अवघड भागाकडे वळू. घर एकट्याचे नसते. १९०१ साली दक्षिण आफ्रिका सोडताना मिळालेल्या भेटी, त्यांत कस्तुरबांना दिलेला सोन्याचा हारही होता, गांधीजींनी सार्वजनिक कार्यासाठी विश्वस्तांच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. मुलांची संमती त्यांनी आधी मिळविली. कस्तुरबांनी विरोध केला, अश्रू ढाळले, अखेर त्या कशाबशा राजी झाल्या. आत्मकथेत हे सारे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे, आणि त्या निर्णयाचा आपल्याला कधी पश्चात्ताप झाला नाही, असेही म्हटले आहे. प्रस्तुत लेखकाला त्यांचा हेतू निर्मळ वाटतो, रीत मात्र अनुकरणीय वाटत नाही. कपाट आवरावयास घेणाऱ्याने आपल्या स्वतःच्या फळीपासून आरंभ करावा. पत्नीची साडी, सासूबाईंचे पितळी डबे, मुलाचे मोडके खेळणे ह्यांना त्यांच्या परवानगीवाचून हात लावू नये, मग आपल्या दृष्टीने ती अडगळ असो वा नसो.

शिवाय घर रिकामे झाले म्हणजे वस्तू नाहीशी होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगळूरात मल्लेश्वरम् व बसवनगुडी ह्या वसाहती आखल्या गेल्या, तेव्हा घरांच्या मागे सफाईसाठी अरुंद गल्ल्या सोडल्या होत्या. पुढचे अंगण रांगोळीने शोभिवंत असे. मैला मागच्या गल्लीतून दुसरी माणसे उचलीत. ती पद्धत गेली, पण ‘मागची गल्ली’ केवळ लांबली. मावळ्ळीपुऱ्याच्या ग्रामस्थांनी शहराचा कचरा स्वीकारण्यास नकार दिल्यावर २०१२ मध्ये तेथील कचराभूमी बंद झाली आणि शहरात ठिकठिकाणी ढीग साचले. मग भार मंडूरवर पडला. तेथील लोकांच्या आंदोलनानंतर २०१४ मध्ये तेही थांबले. म्हणून कपाटातून काढलेली वस्तू दाराबाहेर ठेवण्यापूर्वी ती कोठे आणि कोणाकडे जाणार, हे घरातील सर्वांसमोर सांगावे. सांगता आले नाही, तर तूर्त ती आपल्या जागी परत ठेवावी.