परसातला वाळा, बांधावरचा वाळा

उन्हाळ्यात पिण्याच्या माठात वाळ्याची जुडी सोडण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. ही जुडी म्हणजे एका गवताची मुळे होत. वाळ्याचा ठोंब दाट व आटोपशीर असतो. ओल मिळत राहिल्यास तो बारमाही हिरवा राहतो. दक्षिणेकडील लागवडीचा वाळा सहसा रुजणारे बी धरीत नाही आणि हरळीप्रमाणे धावतही नाही. त्यामुळे तो परसात माजेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

बेळगावकडील तांबडी जमीन असो वा निपाणीकडील काळी, वाळा दोन्हींत येतो. मोरीचे सांडपाणी जिरते तेथे तो विशेष फोफावतो. जागा मात्र उन्हाची हवी, सावलीत तो खुरटतो. मृगाचा पाऊस स्थिरावला की जुना ठोंब खणून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करावेत. पाने वीतभर ठेवून छाटावीत, मुळेही आखूड करावीत व तुकडे ओल्या जमिनीत लावावेत. मुळे काढण्यास साधारण दीड वर्ष लागते.

तथापि या भागात वाळ्याचे खरे मोल शेताच्या उतारावर आहे. तंबाखूचे रान लावणीपूर्वी कुळवून मोकळे ठेवलेले असते. अशा वेळी जोराचा पाऊस झाला, की वरची कसदार माती ओघळीने खाली जाते व एका पावसात गेलेली माती पिढीभरात भरून येत नाही. समपातळीवर १० ते १५ सें.मी. अंतराने वाळा लावल्यास दोन-तीन वर्षांत सलग कुंपण तयार होते. ते पाणी अडवीत नाही, त्याचा वेग मोडते. गाळ मागे बसतो व पाणी पात्यांतून संथपणे निथळते. मुळे सरळ खाली, अनुकूल जमिनीत ३ मीटरपर्यंत जातात, म्हणून शेजारच्या पिकाला त्यांचा उपद्रव थोडा. कर्नाटकातच गुंडलुपेट परिसरातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या अशी कुंपणे राखीत आले. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी या पद्धतीचा इतर देशांत प्रसार केला. शेतकऱ्याची विद्या पुस्तकात शिरण्यास इतका काळ लागला!

अडचण एकच. मुळांना बाजारात दाम मिळतो, आणि बांधावरचा वाळा खणला की तेथेच खिंडार पडून सारे पाणी त्या एका वाटेने धावते. यास्तव मुळांसाठी परसात चार ठोंब वेगळे राखावेत. बांधावरील वाळ्याची फक्त पाने गुडघ्याएवढ्या उंचीवर कापावीत. कोवळी जनावरांना, जून छपराला. पहिल्या वर्षी मेलेल्या तुकड्यांच्या जागी पुढील पावसाळ्यात परसातलेच फुटवे लावता येतात.