सुट्टीतले लागोपाठचे प्रवास : मधली झोप सांभाळा

परीक्षा संपून निकाल हाती आला, की घराघरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. लग्नसराई, कुलदैवताचे दर्शन, थंड हवेचे एखादे ठिकाण आणि जाता-येता मामाचा गाव. नोकरदाराची रजा मोजकी, म्हणून हे सारे दहा-बारा दिवसांत बसवले जाते. सोमवारी रात्री कोकणातून परतलेले कुटुंब बुधवारी पहाटे तुळजापूरच्या वाटेला लागते. मधला मंगळवार कपडे धुण्यात आणि पुन्हा पिशव्या भरण्यात जातो. विश्रांती तेवढी राहून जाते.

पहिल्या प्रवासाला माणूस ताजातवाना निघतो. दुसऱ्याला निघताना पहिल्याचा शीण त्याच्या अंगात असतो. म्हणून लागोपाठच्या प्रवासात दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला अधिक जपले पाहिजे.

झोपेची उधारी

प्रौढ माणसाला रोज किमान ७ तास, तर ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. लागोपाठ दोन रात्री ४-४ तासच झोप मिळाली, तर ६ तासांची उधारी होते. ती चहाने फिटत नाही, झोपूनच फेडावी लागते.

सतत १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हातपाय व डोके, रक्तात दर १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याप्रमाणे मंद चालतात. आपल्या कायद्याने वाहनचालकासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस नुसत्या जागरणाने मद्यपी चालकाइतका धोकादायक होऊ शकतो. हिशेब सोपा आहे. सकाळी ६ ला उठून दिवसभर काम केले आणि रात्री ९ ला गाडी काढली, तर ११ वाजता १७ तास भरतात. प्रवास तर तेव्हा नुकता सुरू झालेला असतो.

ताशी ८० किलोमीटर वेगात ४ सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी सुमारे ९० मीटर कोणाच्याही ताब्यात नसते. वारंवार जांभया येणे, मागचे काही किलोमीटर न आठवणे, वळण चुकणे, गाडी पट्ट्याबाहेर सरकणे या खुणा दिसल्या की गाडी सुरक्षित जागी थांबवावी. काच उघडणे किंवा मोठ्याने गाणी लावणे हे उपाय नव्हेत. चहा किंवा कॉफी घेऊन १५ ते २० मिनिटे झोपावे. तरीही डोळे मिटत असतील, तर दुसऱ्याने गाडी चालवावी किंवा तिथेच मुक्काम करावा.

भाड्याच्या गाडीचा चालक

अनेक कुटुंबे भाड्याची जीप करतात. मागची मंडळी झोपतात, चालक मात्र जागा असतो. तुमचा प्रवास वर्षातून एकदाच असेल, पण मे महिन्यात त्याची भाडी लागोपाठची असतात. निघण्यापूर्वी ‘दादा, काल कुठले भाडे होते? झोप झाली का?’ एवढे विचारण्यात संकोच नको. मुक्कामी त्याला पंखा असलेली, निजण्याजोगी जागा द्यावी. गाडीतल्या सीटवर डासांत काढलेली रात्र ही झोप नव्हे. चालकाच्या शेजारी बसणाऱ्याने जागे राहावे.

ऊन टाळण्यासाठी रात्र नको

‘उन्हाचा त्रास नको, रात्रीच निघू’ असे पुष्कळ घरांत ठरते. यात ऊन टळते, पण झोप जाते. पहाटे २ ते ६ ही शरीराला सर्वांत गाढ झोपेची गरज असणारी वेळ. दुपारी २ ते ४ मध्येही पुन्हा सुस्ती येते. रात्री लवकर झोपून सकाळी ६ च्या सुमारास निघावे, ११-१२ पर्यंत प्रवास करावा, भर दुपार सावलीत काढावी आणि ४ नंतर पुन्हा निघावे. दर दोन तासांनी सर्वांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालावे. चार तासांहून अधिक वेळ पाय न हलवता बसल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

पाणी

वाटेत स्वच्छ शौचालय मिळत नाही म्हणून अनेक स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत. मग उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, कधी मूत्रमार्गाचा संसर्गही होतो. थांबण्याच्या जागा आधीच ठरवाव्यात आणि पाणी पीत राहावे. वातानुकूलित गाडीत तहान जाणवत नाही, म्हणून आठवणीने प्यावे. कोकणात पारा कमी दिसला, तरी दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. तिथेही तेवढीच काळजी घ्यावी.

सोबत माठाचे किंवा उकळून गार केलेले पाणी घ्यावे. जुलाब-उलट्या झाल्यास १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला उन्हाळ्यातही फक्त आईचे दूध पुरते, मात्र ते वरचेवर पाजावे. डब्यात दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी असावी. शिजवलेला ओलसर भात-भाजी कडक उन्हाळ्यात तासाभराच्या आत संपवावी.

मुले आणि वृद्ध

गाडी लागणाऱ्या मुलांना निघण्यापूर्वी हलके खाणे द्यावे, समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे आणि चालत्या गाडीत पुस्तक किंवा मोबाइल देऊ नये. ओकारीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी द्यावी. या गोळ्यांनी आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. लहान मूल पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नये. २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलालाही पट्टा किंवा बालआसन आवश्यक आहे. उन्हात उभ्या गाडीत मुलाला पाच मिनिटेही एकटे ठेवू नये. बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी चढते. काच थोडी उघडी ठेवून विशेष फरक पडत नाही.

मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांनी दोन्ही प्रवासांना पुरतील एवढ्या गोळ्या हाताशी ठेवाव्यात, डिकीत नव्हे. इन्सुलिन गाडीत सोडू नये, थंड पिशवीत न्यावे. मात्र ते बर्फाला थेट चिकटू नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास उन्हातील प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

अंग तापून माणूस बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही.

एक साधा नियम

रात्रभराच्या किंवा सहा तासांहून मोठ्या प्रवासानंतर, घरी दोन पूर्ण रात्री झोप झाल्याखेरीज पुढच्या प्रवासाला निघू नये. बेत आखतानाच हे दोन दिवस कॅलेंडरवर मोकळे सोडावेत. ते बसत नसतील, तर एखादा बेत दिवाळीवर ढकलावा. पाहुणे चार दिवस रुसतील, पण समजूत पटेल. शेवटच्या दिवशीही रविवारी मध्यरात्री परतून सोमवारी सकाळी कामावर जाण्याचा आग्रह धरू नये. घर जवळ आले, की सगळेच घाई करतात आणि चालक मात्र सर्वांत थकलेला असतो.