विहिरीवरचे इंजिन

मुलांनो, खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांची पूजा होते. शेतकरी नांगर, कुळव, विळे, खुरपी स्वच्छ धुऊन मांडतो. सुतार आपली करवत आणि पटाशी पुढे ठेवतो. त्यांना गंध लावतात, झेंडूची फुले वाहतात. ज्यांनी वर्षभर आपल्याला पोसले, त्यांच्याविषयीची ही कृतज्ञता होय. परंतु जे अवजार काम करीनासे झाले, त्याचे पुढे काय होते? ते अडगळीत पडते, त्यावर गंज चढतो आणि एके दिवशी ते वजनावर विकले जाते. अशाच एका अवजाराची ही हकीकत आहे.

आमचे गाव कृष्णाकाठचे. परंतु आमची जमीन नदीपासून दूर, माळाच्या कडेला आहे. तेथील सारी मदार विहिरीवर. माझ्या वडिलांच्या लहानपणी त्या विहिरीवर मोट चाले. बैलांची जोडी धावेवरून उतरत पुढे गेली, की कातड्याची मोट पाण्याने भरून वर येई आणि थारोळ्यात रिती होई. मग बैल पुन्हा मागे सरत. पहाटेपासून दुपारपर्यंत असे किती तरी खेटे घालावे, तेव्हा कोठे थोडेसे रान भिजे. माझ्या जन्माच्या दोन वर्षे आधी वडिलांनी कर्ज काढून पाच अश्वशक्तीचे एक तेलाचे इंजिन आणले आणि विहिरीच्या काठी दगडी चौथऱ्यावर बसवले. त्या इंजिनाने आमचे रान हिरवे केले, कर्ज फेडले आणि माझ्या शिक्षणाचा खर्चही सोसला.

या इंजिनाची धर्ती मूळची इंग्लंडातील. ग्लॉस्टरशायरमधील डर्स्ली या गावी लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास अशी डिझेल इंजिने बनवण्यास आरंभ केला. एकच सिलिंडर, दोन बाजूंना दोन अवजड चाके आणि मिनिटाला अवघे सहाशे फेरे, असा त्यांचा साधा व दणकट बांधा होता. पुढे गुजरातेत राजकोट येथील कारखान्यांतून याच धर्तीची इंजिने तयार होऊ लागली. महाराष्ट्रातही या उद्योगाने मूळ धरले होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथे लोखंडी नांगर घडवले. त्यांच्याच उद्योगसमूहाने १९४६ साली तेलाच्या इंजिनांसाठी पुण्यात स्वतंत्र कंपनी स्थापन केली. अशा इंजिनांनी खेडोपाडी बैलांच्या मानेवरचा मोटेचा भार उतरवला.

आता हे इंजिन चालते कसे ते पाहू. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा जोराने दाबली, की ती तापते. डिझेल इंजिनात पिस्टन वर सरकून हवेला मूळ जागेच्या सतराव्या-अठराव्या हिश्श्यात कोंबतो. ती हवा इतकी तापते, की तिच्यात तेलाचा बारीक फवारा पडताच तो आपोआप पेट घेतो. ठिणगी पाडावी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने अशा तत्त्वावरील इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखवले. हवा आत घेणे, ती दाबणे, तेलाच्या भडक्याने पिस्टन खाली ढकलला जाणे आणि धूर बाहेर टाकणे, या चार क्रिया चाकाच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होतात. म्हणजे मिनिटाला सहाशे फेरे झाले, तर तीनशे भडके होतात. एका सेकंदाला पाच. माझ्या लहानपणी शिवारात दूरवर ऐकू येणारा ‘डुग् डुग् डुग्’ असा आवाज, तो या भडक्यांचाच होता. तो ऐकत आम्ही भावंडे झोपी जात असू.

पुढे गावात वीज आली. बटण दाबताच पाणी देणारी मोटर विहिरीवर बसली आणि इंजिन मुके झाले. त्याच्या खोपटाचे पत्रे वाऱ्याने उडाले. चाळीस पावसाळे त्याच्या अंगावरून गेले. मी सेवानिवृत्त होऊन गावी राहावयास आलो, तेव्हा ते घाणेरीच्या झुडपात अर्धे बुडाले होते. एके दिवशी एक भंगारवाला आला आणि त्याने वजनाप्रमाणे भाव सांगितला. मी होकार दिलाही असता. परंतु सातवीत शिकणारी माझी नात शेजारी उभी होती. तिने विचारले, “आजोबा, हे बंद कशाने पडले?”

मला उत्तर देता येईना. ज्या यंत्राने मला शिकवले, त्याचे नाव मी शेकडो वेळा घेतले होते; त्याच्या पोटात काय आहे, हे मात्र कधी जाणून घेतले नव्हते. मी भंगारवाल्याला परत पाठवले आणि नातीला घेऊन मिस्त्रींच्या घरी गेलो.

हे मिस्त्री पूर्वी पंचक्रोशीतील इंजिने दुरुस्त करीत. आता त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली होती. नजर अंधुक झाली होती, हातांना कंप सुटला होता. माझे बोलणे ऐकून ते म्हणाले, “गुरुजी, माझ्याने पाना आता धरवत नाही. पण तुम्ही धरा, मी सांगतो.” नातीकडे वळून ते म्हणाले, “आणि पोरी, तू वही घे. प्रत्येक भाग काढण्याआधी त्याचे चित्र काढ. काढलेला भाग कोठला, हे विसरले, की इंजिनाचे भंगार व्हायला वेळ लागत नाही.”

कामाला आरंभ झाला. वरचे झाकण उघडले, तेव्हा दिसले, की पिस्टन गंजाने सिलिंडरला घट्ट धरून बसला आहे. मिस्त्रींनी रॉकेल व तेल यांचे मिश्रण त्यात ओतावयास सांगितले. रोज सकाळी मिश्रण घालावयाचे आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून हलकेच ठोकावयाचे, असा क्रम सुरू झाला. आठ दिवस गेले, तरी पिस्टन हलेना. मी चिडून म्हणालो, “एक घण घातला, तर काय बिघडेल?” मिस्त्री हसून म्हणाले, “गुरुजी, गंजाला चढायला चाळीस वर्षे लागली. उतरायला त्याला चाळीस दिवस तरी द्या.” अकराव्या दिवशी ठोकळ्याखाली पिस्टन केसभर सरकला. नातीने आनंदाने टाळ्या पिटल्या.

परंतु माझी घाई संपली नव्हती. पिस्टनभोवती खाचांतून कड्या बसवलेल्या असतात. दाबलेली हवा निसटू न देणे, हे त्यांचे काम. कारखान्यात त्यांना ‘रिंग’ म्हणतात. गंजामुळे त्या खाचांत अडकल्या होत्या. मिस्त्री जेवावयास घरी गेले असताना मी एका रिंगेखाली पेचकस घातला आणि जोर दिला. ‘कट्’ असा आवाज झाला आणि रिंगेचे दोन तुकडे हातात आले. मिस्त्री परतले. त्यांनी तुकडे बोटांनी चाचपले आणि ते एवढेच म्हणाले, “हे बीड आहे. बीड लवत नाही, तुटते.” ते रागावले असते, तर मला बरे वाटले असते. आयुष्यभर मी मुलांना धीर धरावयास शिकवले होते. तो धडा माझ्याच वहीत कोरा राहिला होता.

आता तशी रिंग कोठून आणावयाची? आम्ही दोघे गावोगाव हिंडलो. कोणाचे इंजिन केव्हाच वितळले होते. कोणाच्या इंजिनाचे फक्त एक चाक दारात, पायरीचा दगड म्हणून उरले होते. अखेरीस एका वस्तीवर, गोठ्याच्या कोपऱ्यात, त्याच मापाचे एक इंजिन आढळले. त्याचा सांगाडा फुटला होता. परंतु आतील रिंगा शाबूत होत्या. त्या वृद्ध शेतकऱ्याने पैसे घेतले नाहीत. तो म्हणाला, “रिंगा न्या. पण इंजिन चालू कराल त्या दिवशी मला बोलवा. मला तो आवाज पुन्हा एकदा ऐकायचा आहे.”

नव्या उत्साहाने आम्ही कामाला लागलो. व्हॉल्व घासून त्यांच्या बैठकीत नीट बसवले. तेलाचा फवारा मारणारे नॉझल काढून बाहेर तपासले. थेंब पडले, तर इंजिन चालत नाही. धुक्यासारखा फवारा उडाला पाहिजे. ते पाहण्यास नात पुढे वाकली, तेव्हा मिस्त्रींनी तिला झटकन मागे ओढले. “तो फवारा सुईपेक्षा तीक्ष्ण असतो, बाळ. कातडीत शिरतो. त्याच्यापुढे हात कधी धरू नये.” सर्व भाग साफ झाल्यावर नातीने विचारले, “आजोबा, हँडललासुद्धा लाल रंग देऊ या का?” इंजिन फिरवावयाचे ते लोखंडी हँडल मुठीच्या जागी झिजून गुळगुळीत झाले होते. मिस्त्रींनी ते हातात घेतले आणि मला म्हणाले, “ही झीज तुमच्या वडिलांच्या हातांची आहे. हिच्यावर रंग चढवू नका.” त्या क्षणी मला उमगले, की जुनी वस्तू दुरुस्त करणे म्हणजे तिला नवी करणे नव्हे. तिने केलेले काम न पुसता, तिला पुन्हा कामास लावणे, हीच खरी दुरुस्ती होय.

इंजिन चालू करण्याचा दिवस उजाडला. वस्तीवरचे ते शेतकरी भल्या पहाटेच येऊन बसले. शेजारच्या एका धट्ट्याकट्ट्या तरुणाने हँडल हाती घेतले. हँडल उलटले, तर अंगठा सापडू नये, म्हणून मिस्त्रींनी त्याला अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावयास लावले. हवा निसटती ठेवणारी दांडी वर करून त्याने चाके जोराने फिरवली आणि दांडी खाली टाकली. चाके दोन फेरे घेऊन थांबली. दुसऱ्यांदाही तेच झाले. सर्वांची तोंडे उतरली. मिस्त्री मात्र शांत होते. “तेलाच्या नळीत हवा अडकली असेल. ती आधी काढा.” नळी सैल करून बुडबुडे जाऊ दिले आणि तिसऱ्यांदा हँडल फिरले. एक धुराचा गोळा वर उडाला. क्षणभर शांतता पसरली, आणि मग, डुग्... डुग्... डुग्! माझे बालपण त्या आवाजावर स्वार होऊन शिवारात परत आले. ते वृद्ध शेतकरी डोळे मिटून ऐकत होते. मिस्त्रीही कान देऊन ऐकत होते; परंतु ते म्हणाले, “एका व्हॉल्वची फट जास्त आहे. बंद केल्यावर पाहा.” आम्ही मोजून पाहिले. त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. जे आमच्या डोळ्यांना दिसत नव्हते, ते त्यांच्या कानांनी पाहिले होते.

असा छंद जगात पुष्कळांना आहे. अमेरिकेतील डनबार गावी बेंजामिन ग्रेव्हली नावाचे एक छायाचित्रकार राहत. बागकाम सोपे व्हावे, म्हणून त्यांनी हाताने ढकलावयाच्या नांगराला ‘इंडियन’ नावाच्या मोटारसायकलचे भाग जोडले. त्या यंत्राचे पेटंट त्यांना १९१६ साली मिळाले. त्यातूनच मागून चालत हाकावयाचे बागेतील छोटे ट्रॅक्टर तयार झाले. असे जुने ट्रॅक्टर हौशी लोक आज शोधून काढतात, दुरुस्त करतात आणि त्यांनीच आपली बाग नांगरतात. इंग्लंडातही जुनी इंजिने मेळाव्यांतून चालवून दाखवतात. बंद यंत्र नुसते मांडून ठेवण्यात त्यांना समाधान वाटत नाही.

आमचे इंजिनही शोभेसाठी नाही. उन्हाळ्यात वीज जाते, तेव्हा ते विहिरीवरचा पंप ओढते आणि भाजीचे वाफे भिजतात. मोटर स्वस्तात व सहज पाणी देते, हे खरे. तिच्याशी आमचा तंटा नाही. परंतु अडचणीच्या वेळी हे म्हातारे इंजिन आजही उभे राहते.

दुरुस्तीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मिस्त्री वारले. त्यांच्या हातांत साठलेली विद्या कोठल्याही पुस्तकात नव्हती. त्यातील जेवढी नातीच्या वहीत उतरली, तेवढीच आमच्याजवळ राहिली. आता खंडेनवमीला ती प्रथम वही उघडते, तेल तपासते, व्हॉल्वची फट मोजते आणि इंजिन चालवून पाहते. ते बंद करून थंड झाल्यावरच त्याला हार घालते. कोणी कारण विचारले, तर ती मिस्त्रींचे शब्द सांगते : “आधी तेल, मग फूल.”

मुलांनो, तुमच्या घरीही एखादे मुके यंत्र असेल. शिवणयंत्र असेल, पंप असेल, घड्याळ असेल. ते भंगारात देण्यापूर्वी, ते ज्यांना उमगते अशा माणसाकडे एकदा जा. जाताना वही बरोबर न्यावयास विसरू नका.

शब्दार्थ
धाव – मोट ओढताना बैल ज्या उतारावरून चालतात ती जागा. थारोळे – मोटेचे पाणी जेथे पडते ते दगडी कुंड. पंचक्रोशी – गावाभोवतालचा प्रदेश. घण – मोठा हातोडा. पेचकस – स्क्रू फिरवण्याचे हत्यार. बीड – ओतीव लोखंड.

अभ्यास
१. लेखकाने भंगारवाल्याला परत का पाठवले?
२. डिझेल इंजिनात ठिणगीवाचून तेल कसे पेटते, ते सायकलच्या पंपाचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. एक इंजिन मिनिटाला ७२० फेरे घेते. त्यात सेकंदाला किती भडके होतील?
४. ‘तो धडा माझ्याच वहीत कोरा राहिला होता’, असे लेखक का म्हणतो?
५. ‘आधी तेल, मग फूल’ या वचनाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
६. वाक्यांत उपयोग करा : मदार असणे, तोंड उतरणे, कान देणे, मूळ धरणे.
७. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा. त्याच्या एका अवजाराचे चित्र काढा आणि त्याची निगा कशी राखतात, याविषयी दहा ओळी लिहा.