थांबलेली गाडी आधी बघ

भाचीबाई, तुझा फोटो मिळाला. डावीकडे उंच ॲडव्हेंचर, उजवीकडे बसकी नेकेड, आणि खाली प्रश्न, 'मामा, कुठली?' मी दोन्ही तऱ्हेच्या चालवल्यात, दोन्हींवरून पडलोय. तेव्हा पैसे भरायच्या आधी एवढं वाच.

1. आधी कॅलेंडर काढ आणि मागच्या वर्षी कुठल्या दिवशी कुठे गेलीस त्यावर खुणा कर — तुझे तीनशे दिवस वाकड-हिंजवडीत जातात, चिपळूणचे वीस-पंचवीस, आणि लडाखचा अजून एकही नाही. स्वप्न वर्षाचं, पार्किंग रोजचं.

2. इंजिनाच्या आकड्यांवर रात्री जागवू नकोस — ट्रायम्फची स्पीड 400 आणि स्क्रॅम्बलर 400 एक्स बघ, दोन्हींत एकच इंजिन आणि दोन्ही चाकणलाच बनतात. फरक आहे तो सीटमध्ये, चाकात आणि सस्पेन्शनमध्ये, म्हणजे तुझ्या पायात आणि पाठीत.

3. शोरूममध्ये रोजचे बूट घालून जा, टाचेचे नकोत, आणि सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी टेकतात का ते बघ. स्पीडची सीट 790 मिलिमीटर, ॲडव्हेंचर जातीच्या हिमालयन 450 ची 825, स्क्रॅम्बलरची 835. कागदावर हा फरक साडेतीन-साडेचार सेंटिमीटरांचा वाटतो. मलाही तसाच वाटला होता. दाभोळच्या जेट्टीवर उंच गाडी घेऊन फेरीबोटीची वाट बघत उभा होतो, ओहोटी होती, उतारावर शेवाळ. तोल जरासा डावीकडे गेला, मी पाय खाली टाकला, आणि जमीन चार बोटं लांब निघाली. चालत्या गाडीला काही झालं नसतं. उभी होती म्हणून पडली. क्लचचा लिव्हर तुटला आणि घोटा महिनाभर सुजलेला राहिला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, पळती गाडी सगळ्यांची, थांबती गाडी आपली.

4. टेस्ट राइडच्या आधी इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलं मागे ढकलून बघ — तुमच्या सोसायटीचं पार्किंग उताराचं आहे. हिमालयन 196 किलोची, स्पीड तिच्याहून वीसेक किलो हलकी. ते वीस किलो रोज सकाळी तुलाच ओढायचेत.

5. मग आईला मागे बसव, खरोखरच, शोरूमला घेऊन जा तिला — नेकेडची मागची सीट बहुतेकदा अरुंद असते, पाय दुमडून बसावं लागतं, आणि ताईचे गुडघे तुला माहीत आहेत. ती तोंडाने 'छान आहे' म्हणेल. उतरताना तिचा चेहरा बघ.

6. आता उंच गाडीची बाजू सांगतो, कारण ती खरी आहे. हिमालयनचं पुढचं चाक 21 इंची आणि सस्पेन्शनला 200 मिलिमीटरची हालचाल — नेकेडचं 17 इंची चाक ज्या खड्ड्यात बसतं आणि दणका मनगटापर्यंत पोचवतं, तिथे मोठं चाक काठावरून निघून जातं. चाक थोरलं की खड्डा धाकटा. पावसाळ्यात दर आठवड्याला चिपळूणसाठी कुंभार्ली घाट उतरणार असशील तर मी दुसरा विचारच करणार नाही.

7. नेकेडवर वारा थेट छातीवर येतो, ऐंशीच्या पुढे हात आपोआप मूठ आवळायला लागतात — सातारच्या रस्त्याला तासाला एकदा थांबून खांदे मोकळे कर, तहान नसली तरी.

8. टाकीच्या आकारावरून निवड करू नकोस, 13 लिटर आणि 17 लिटर हा फरक आपल्याकडे जाणवत नाही — मनाली-लेह रस्त्यावर तांडीला पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची पाटी आहे, तिथे जाणवतो. पुणे-कराडला पंप हाकेवर.

9. टायर ट्यूबचा की ट्यूबलेस, हे तोंडाने विचार — तारांच्या चाकांत बऱ्याचदा ट्यूब असते. ट्यूबलेसचं पंक्चर कुठल्याही टपरीवर दहा मिनिटांत निघतं, ट्यूबसाठी चाक खोलावं लागतं, आणि ते काम पावसात, अंधारात, रस्त्याच्या कडेला करायचं असतं.

10. बाजूच्या पेट्या पहिल्या दिवशी घेऊ नकोस — गाडीची रुंदी अंगवळणी पडायला दोन महिने लागतात, तोवर बॅग पाठीमागे बांध.

11. पडलेली गाडी उचलायला शोरूमच्या पोरांकडून शिकून घे, लाजू नकोस. आधी किल्ली बंद. उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधीच साइड स्टँड काढून ठेव, नाहीतर उभी होता होता पलीकडे जाईल. मग हँडल जमिनीकडे पूर्ण वळव, पाठ सीटला लाव, एका हाताने खालची मूठ, दुसऱ्याने मागची पट्टी धर आणि पायांनी रेटत मागे चाल — जोर मांड्यांचा लागतो, कंबर वाकवून उचलशील तर गाडी तिथेच राहील आणि कंबर जाईल.

12. माझं मत? तुला नेकेड, बसकी सीटवाली. घाटातले खड्डे सावकाश गेलं की ओलांडता येतात, हिंजवडीच्या सिग्नलला न टेकणारा पाय सावकाश जाऊन टेकत नाही. पण उंच गाडीवरही दोन्ही चवडे नीट टेकले, तर माझं ऐकू नकोस, तीच घे.

13. पहिल्या खेपेला कुंभार्ली उजेडी उतर, आणि कोयनानगरला चहाला थांबून मला फोन कर — पुढे घाटात फोन लागेलच असं नाही, मी खाली पोफळीला येऊन थांबतो.