यंत्राचा धनी कोण?

पंखा, मिक्सर, धुलाईयंत्र, दूरदर्शनसंच आणि खिशांतला मोबाइल यांवांचून आज ठाणें-कल्याणकडील क्वचितच एखादें घर चालत असेल. यंत्र विकत घेतांना आपण त्याची किंमत विचारतों, रंग पाहतों, शेजाऱ्याकडील यंत्राहून तें नवें आहे कीं नाहीं हेंहि मनांत आणतों. एक प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं: पैसे मोजल्यावर या यंत्राचा धनी कोण? ज्यानें पैसे दिले तो धनी, असें कोणीहि चटकन् सांगेल. पण थोडा विचार केल्यास असें दिसेल कीं, जी वस्तु आपणांस उघडतां येत नाहीं, जिचे सुटे भाग बाजारांत मिळत नाहींत व जी बिघडल्यास केवळ करणाऱ्याच्याच दारीं न्यावी लागते, तिचे आपण अर्धेच धनी असतों.

मला यंत्रांची मोठी आवड आहे. नवा मोबाइल निघाला कीं त्याच्या रचनेची माहिती वाचून काढल्याशिवाय मला चैन पडत नाहीं. या आवडींतूनच माझें असें मत झालें आहे कीं, यंत्राची व तें करणाऱ्या कंपनीची खरी परीक्षा विक्रीच्या दिवशीं होत नसून तें यंत्र प्रथम बंद पडतें त्या दिवशीं होते. या मताचीं कारणें येथें मांडावयाचीं आहेत.

प्रथम आपल्या खोपटचेंच उदाहरण घेऊं. येथील एस. टी. आगार आपण येतां-जातां पाहतों. एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर धावली. पुढें गाडीचा सांगाडा मोठ्या कारखान्याकडून विकत घ्यावा आणि त्यावरील बांधणी दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील स्वतःच्या कार्यशाळांत करावी, अशी पद्धति महामंडळानें कित्येक वर्षें चालविली. आगारांत आलेली गाडी तपासली जाते, झिजलेला भाग काढून नवा बसविला जातो, आणि गाडी पुन्हा मार्गस्थ होते. इंजिन करणारा कारखाना दुसऱ्याचा असला, तरी तें उघडण्याची विद्या, हत्यारें व सुटे भाग आगाराच्या हातीं असतात. म्हणून त्या गाडीवर आगाराची मालकी खऱ्या अर्थानें चालते.

हाच धडा आपल्या प्रांतांतील यंत्रोद्योगाच्या आरंभींहि सांपडतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला व १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें प्रथम नांगर खपेना. १९१० सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांत जागा दिली व किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराचा फाळ मातीशीं घांसून झिजतो, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. तो फाळ निराळा मिळाला आणि बसवितां आला, तरच नांगर पिढीभर टिकतो. नाहीं तर फाळासाठीं सबंध नांगर टाकावा लागेल, आणि असा नांगर कोण घेईल? १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक काढलें, त्यांत आरंभीं कारखान्याच्या मालाची माहिती देण्याचा हेतु होता. गिऱ्हाइकाशीं असलेला संबंध विक्रीबरोबर संपत नाहीं, हें त्या काळींच एका कारखानदारानें ओळखलें होतें.

पुढील पिढीच्या यंत्रांतहि ही सोय राहिली. गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारांत आणला. न्यायालयाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाचा संसार त्या एका यंत्रावर चाले. फीत संपली तर नवी घालावी, अक्षराचा दांडा वांकला तर सरळ करून घ्यावा, पण यंत्र टाकूं नये. मर्फी रेडिओचा कारखाना आपल्या ठाण्यांतच होता. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची पाठ चार स्क्रू काढले कीं निघत असे. व्हॉल्व्ह जळला तर तो उपटून दुसरा बसवावयाचा, एवढेंच काम. म्हणून नाक्यानाक्यावर रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर तयार झाले. टाइपरायटर व तो रेडिओ आतां मागें पडले. पण ते मागें पडले तें नवी विद्या आल्यामुळें. कोणी ते उघडूं दिले नाहींत म्हणून नव्हे.

आतां याच्या उलट उदाहरण पाहूं. १९२४ सालीं जिनेव्हा येथें ओसराम, फिलिप्स इत्यादि बलाढ्य कंपन्यांनीं विजेच्या दिव्यांच्या धंद्यासाठीं 'फीबस' नांवाचा संघ स्थापिला. त्यापूर्वीं दीड-दोन हजार तास जळणारे दिवे मिळत असत. घरगुती दिव्याचें आयुष्य हजार तास असावें, असें संघानें ठरविलें. निरनिराळ्या कारखान्यांचे दिवे तपासले जात, आणि ज्याचे दिवे अधिक टिकत त्यास दंड होई! दीर्घायुषी दिवा तितक्याच विजेंत कमी उजेड देतो, असें कंपन्यांचें म्हणणें होतें. आणि शास्त्रदृष्ट्या तें खोटें नाहीं. पण मंद उजेडाचा टिकाऊ दिवा घ्यावा कीं लख्ख उजेडाचा अल्पायुषी घ्यावा, हें ठरविण्याचा अधिकार गिऱ्हाइकाचा होता. तो त्यास न विचारतां काढून घेतला, हा त्यांतला अन्याय होय. दुसऱ्या महायुद्धांत तो संघ मोडला; ती वृत्ति मात्र मोडली नाहीं.

आपल्या खिशांतील मोबाइल हें तिचें आजचें क्षेत्र आहे. त्याची बॅटरी लिथियमची असते. ती भरतांना व रिकामी होतांना लिथियमचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ये-जा करतात, आणि दर खेपेस त्यांतील अत्यल्प भाग कायमचा अडकून पडतो. उष्णतेनें ही झीज वाढते. साधारणतः पांचशें ते हजार वेळां भरल्यावर तिची शक्ति मूळच्या चार-पंचमांशावर येते. म्हणजे बॅटरी हा मोबाइलचा फाळच होय; ती झिजणार हें करणाऱ्यास पहिल्या दिवसापासून ठाऊक असतें. पूर्वींच्या मोबाइलचें पाठीचें झांकण नखानें उघडून ती बदलतां येई. आतां ती बहुधा डिंकानें चिकटवून बंद केलेली असते.

यांतून काय घडतें तें २०१७ च्या डिसेंबरांत जगानें पाहिलें. बॅटरी झिजलेल्या जुन्या आयफोनची गति आपण कमी करीत होतों, अशी कबुली ॲपल कंपनीनें दिली. फोन अकस्मात् बंद पडूं नये म्हणून तसें केलें, असें तिचें सांगणें. आणि तें कारण समजण्यासारखें आहे. परंतु ही गोष्ट गिऱ्हाइकास उघड सांगितली नव्हती. फोन मंद झाला तो म्हातारा झाला असें समजून नवा घेणाऱ्यास, नुसत्या नव्या बॅटरीनें काम भागलें असतें हें कसें कळावें? पुढें कंपनीनें बॅटरी बदलण्याचा आकार कमी केला, आणि ग्राहकांस माहिती न दिल्याबद्दल फ्रान्समध्यें २०२० च्या फेब्रुवारींत तिला अडीच कोटी युरो दंड झाला.

कंपन्यांची बाजूहि न्यायानें पाहिली पाहिजे. घट्ट बंद केलेल्या फोनांत पाणी व धूळ सहसा शिरत नाहीं, आणि तो पातळ करतां येतो. नफा मिळविण्यांतहि पाप नाहीं. जी कंपनी आपल्या वस्तूच्या पाठीशीं दीर्घ काळ उभी राहते तिची स्तुतीहि करावी. गूगलनें २०२३ सालीं व सॅमसंगनें २०२४ सालीं आपल्या वरच्या श्रेणीच्या नव्या फोनांस सात वर्षें आज्ञावलींतील सुधारणा पुरविण्याचें वचन दिलें; हें पाऊल योग्य दिशेचें आहे. मात्र आज्ञावली सात वर्षें नवी राहील आणि बॅटरी तिसऱ्या वर्षीं दम टाकील, तर तें वचन अर्धेंच पाळल्यासारखें होईल.

सरकारांनींहि या प्रश्नाकडे लक्ष दिलें आहे. फ्रान्सनें १ जानेवारी २०२१ पासून कांहीं यंत्रांवर, तें दुरुस्त करणें किती सोपें आहे याचे दहापैकीं गुण छापणें भाग पाडलें. युरोपीय संघानें २०२३ च्या नियमानें, कांहीं अपवाद ठेवून, लहान यंत्रांतील बॅटरी वापरणाऱ्यास काढतां यावी अशी अट घातली व त्यासाठीं फेब्रुवारी २०२७ ही मुदत दिली. आपल्या देशांत ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ च्या जुलैंत दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली. तिच्या विषयांत मोबाइल, घरगुती यंत्रें व मोटारी यांबरोबर शेतीचीं अवजारेंहि होतीं; नांगराचा प्रश्न शंभर वर्षांनीं पुन्हा पुढें आला असें म्हणावयास हरकत नाहीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारें सरकारी संकेतस्थळ सुरू झालें. दुरुस्तीसुलभतेचे गुण ठरविण्यासाठीं नेमलेल्या समितीनेंहि २०२५ च्या मे महिन्यांत आपला अहवाल सादर केला.

पालकांस हा विषय मुलांच्या हौसेपुरता वाटूं नये. २०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां मोबाइल हीच शाळा झाली. ज्या घरीं दोन-तीन मुलांत एकच फोन होता, त्या घरीं त्याची कांच फुटणें म्हणजे साऱ्यांचाच अभ्यास थांबणें होतें. नवा घेण्यास पैसा नव्हता. जुना दुरुस्त होतो कीं नाहीं, यावर मुलांचें शिक्षण अवलंबून राहिलें. यास्तव खरेदीच्या वेळीं दुकानदारास चार गोष्टी निःसंकोच विचाराव्या. बॅटरी व कांच बदलण्यास किती खर्च येईल? सुटे भाग किती वर्षें मिळतील? सुधारणा किती वर्षें येतील? दुरुस्तीची जागा आपल्या गांवीं आहे कीं नाहीं? उत्तर मिळालें नाहीं, तर तेंहि एक उत्तरच समजावें. सवलतीचा मोठा आंकडा पाहून या चार प्रश्नांचा विसर पडूं देऊं नये.

विद्यार्थ्यांनीं दुरुस्तीच्या विद्येकडे आदरानें पाहावें. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील बाजारांत भिंगाखालीं बारीक तारा जोडीत बसलेला कारागीर एखाद्या कुटुंबाचे हजारों रुपये वांचवितो. त्याचें काम हलकें नव्हे. घरांतील जुनें घड्याळ किंवा बंद पडलेली विजेरी वडील माणसांच्या देखत उघडून पाहा. कोणता भाग कशासाठीं आहे तें वहींत काढा. आणि पुन्हा जुळवा. विजेच्या प्रवाहास जोडलेल्या यंत्रास मात्र हात लावूं नका, आणि मोबाइलची बॅटरी कधींहि टोंचूं किंवा वांकवूं नका. ती पेट घेते. ज्यास यंत्राचें अंतरंग कळतें, त्यास जाहिरात सहसा फसवूं शकत नाहीं. पावती हातीं आली कीं वस्तु आपल्या घरीं येते. तिचें ज्ञान व तिची दुरुस्ती हातीं आली, म्हणजेच आपण तिचे खरे धनी होतों.