आजीची आठवण आणि अय्यिका सुत्त



जानेवारी सरत आला की इथे इंग्लंडमध्ये बागेत स्नोड्रॉपची फुले वर येतात. झाडांना पान नसते, गवतावरचे दव गोठलेले असते, आणि ही टीचभर उंचीची पांढरी फुले मान खाली घालून उभी असतात. ती पाहिली की मला आजी आठवते. याच दिवसांत नागपूरला तिच्या अंगणात शेवंती फुललेली असे. वंदनेला बसण्याआधी ती ओंजळभर फुले तोडून आणी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, बारा वर्षांची असताना, ती वडिलांबरोबर धम्मदीक्षेला गेली होती.

आजी गेली तेव्हा मी पोहोचू शकलो नाही. अंत्यविधी मोबाइलवर पाहिला. तुमच्यापैकी अनेकांनी आपल्या माणसाला असाच निरोप दिला असेल. ‘मी तिथे असतो तर...’ हा विचार पुढे कितीतरी दिवस सोडत नाही.

अशा वेळी संयुत्त निकायातील अय्यिका सुत्त वाचावे. अय्यिका म्हणजे आजी. कोसलचा राजा प्रसेनजित भर दुपारी भगवंतांकडे येतो. त्याची 120 वर्षांची आजी नुकतीच वारलेली असते. तो म्हणतो, आजी मला फार प्रिय होती. उत्तम हत्ती, उत्तम घोडा, चांगले गाव, अगदी सारा प्रदेश देऊन ती वाचली असती, तर मी तेही दिले असते.

राजा तर जवळच होता, त्याच्याकडे सर्व काही होते. तरीही तो आजीला थांबवू शकला नाही. भगवंत त्याला रागावत नाहीत. सर्व प्राणी मरणधर्मी आहेत, एवढेच सांगतात आणि कुंभाराच्या भांड्यांचा दाखला देतात: भांडे कच्चे असो वा भाजलेले, शेवटी फुटतेच. म्हणून माणसाने कुशल कर्म करावे, तोच त्याचा आधार.

बुद्धपूजेत फुले वाहताना आपण कोमेजणाऱ्या फुलावरून शरीराची अनित्यता आठवतो. आजी ते रोज करत होती. मी मात्र तिच्या जाण्यानंतर ते समजू लागलो.

गेल्या वर्षी मुलीने विचारले, “पणजी या फुलात आली का?” ‘हो’ म्हणणे सोपे होते. पण बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये आत्म्याची कल्पना नाकारली आहे. मी म्हणालो, “नाही बाळा. पण तू रोज पंचशील म्हणतेस ना? ते मला पणजीने शिकवले.” मग तिला कंद दाखवला. स्नोड्रॉपचा एक कंद काही वर्षांत अनेक होतो. फुले सरल्यावर, पाने हिरवी असतानाच, झुबका उकरून वेगळा करतात आणि दुसरीकडे लावतात. आमचे कंदही शेजारच्या बाईंनी असेच दिलेले.

22 प्रतिज्ञांपैकी सहावी आपल्याला सांगते की श्राद्धपक्ष आणि पिंडदान करायचे नाही. म्हणजे आपल्या माणसांना विसरायचे असे नाही. त्यांची आठवण कशी ठेवायची, ते आपण ठरवायचे आहे.

या महिन्यात तुम्ही तीन गोष्टी करून पाहा:

1. कुटुंबासह वंदना घ्या आणि आजी-आजोबांचे नाव घेऊन पुण्यानुमोदन करा.

2. त्यांच्या स्मरणार्थ दान द्या. गावाकडच्या एका मुलीची पुस्तके किंवा वसतिगृहाची फी भरली तरी पुरे.

3. त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट मुलांना मराठीत सांगा. आजी-आजोबा हयात असतील, तर आजच फोन करा आणि त्यांच्या धम्मदीक्षेची आठवण त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा.

माझ्याकडे आजीचा आवाज नाही. तुमच्याकडे तरी तो राहावा, म्हणून हे लिहिले.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!