राजधानीचे महानगर : इस्तंबूल
(वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी इतिहास व भूगोल यांचा समन्वित पाठ)



आपल्या वरच्या इयत्तांतील मुलांना इस्तंबूल हे नगर बहुधा एकाच वाक्यातून भेटते. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, खुष्कीचा मार्ग बंद झाला आणि म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्गाने हिंदुस्थानात आले, हे ते वाक्य होय. मुले ते पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात व गुणही मिळवितात. परंतु या वाक्यात दोन उणिवा आहेत. सव्वीसशे वर्षांहून अधिक काळ नांदत असलेले नगर त्यात केवळ एक कारण म्हणून येते आणि लगेच नाहीसे होते, ही पहिली उणीव. त्यातील कार्यकारणभाव पुरता खरा नाही, ही दुसरी. या दोन्ही उणिवा दूर करण्याच्या हेतूने पुढील पाठाची मांडणी केली आहे. पाठास दोन तासिका पुरतात. साहित्य म्हणून युरोप व आशिया यांचा भिंतीवरचा नकाशा, फळा आणि रंगीत खडू एवढे पुरे.

१. जागेची निवड

प्रथम नकाशात काळा समुद्र व भूमध्य समुद्र दाखवावेत. काळ्या समुद्रातून बाहेर पडणारे प्रत्येक जहाज बॉस्फरसच्या सामुद्रधुनीतून मार्मारा समुद्रात आणि तेथून पुढे एजियन समुद्रात जाते, हे मुलांच्या बोटांनीच शोधून घ्यावे. ही सामुद्रधुनी सुमारे ३० किलोमीटर लांब असून सर्वांत अरुंद जागी जेमतेम ७०० मीटर रुंद आहे. एका तीरावर युरोप, दुसऱ्या तीरावर आशिया. युरोपच्या तीरावर एक भूशिर पुढे आले आहे. त्याच्या उत्तरेस सुवर्णशृंग नावाची शांत खाडी, दक्षिणेस मार्मारा समुद्र व पूर्वेस बॉस्फरस आहे. तीन बाजूंनी पाणी असल्याने शत्रूला जमिनीवरून येण्यास एकच बाजू उरते.

इसवी सनापूर्वी सातव्या शतकात मेगारा येथील ग्रीकांनी येथे बायझँटियन ही वसाहत केली, अशी परंपरा आहे. समोरच्या आशियाई तीरावर त्यापूर्वीच कॅल्सेडन हे गाव वसले होते. डोळ्यांसमोर इतकी उत्तम जागा असताना ती सोडून पलीकडे वसणारे लोक आंधळेच असले पाहिजेत, असे एका इराणी सेनापतीने म्हटल्याची कथा हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने नोंदविली आहे. ही कथा अवश्य सांगावी आणि लगेच प्रश्न करावा : त्या सेनापतीला या जागेत काय दिसले असेल? उत्तर मुलांनी नकाशावरून द्यावे, शिक्षकाने देऊ नये.

२. तट आणि पाणी

११ मे ३३० रोजी रोमन सम्राट कॉन्स्टँटाइन याने येथे आपल्या नव्या राजधानीची प्रतिष्ठापना केली. त्याच्या नावावरून नगर कॉन्स्टँटिनोपल म्हणून प्रसिद्धीस आले. पाचव्या शतकात जमिनीच्या बाजूस भव्य तट उभारण्यात आला. संकटसमयी सुवर्णशृंग खाडीच्या मुखावर लोखंडी साखळदंड बांधून शत्रूची जहाजे अडविली जात. या तटाने सुमारे हजार वर्षे नगराचे रक्षण केले.

परंतु केवळ तटाने नगर जगत नाही. भूशिराच्या तिन्ही बाजूंना पाणी होते, पण ते खारे. गोड पाणी दूरच्या डोंगरांतून कालव्यांनी व कमानींवरच्या पाटांनी आणावे लागे. ३६८ साली पूर्ण झालेला व्हॅलेन्स सम्राटाचा जलसेतू आजही शहराच्या मध्यावर उभा आहे. आणलेले पाणी वेढ्याच्या काळात पुरावे म्हणून जमिनीखाली प्रशस्त टाकी बांधण्यात आली. जस्टिनियन सम्राटाच्या काळी, सहाव्या शतकात, बांधलेल्या एका टाक्याचे छत ३३६ खांबांवर तोललेले आहे. पुढे लोकांना त्याचा विसर पडला. सोळाव्या शतकाच्या मध्यास आलेल्या एका फ्रेंच अभ्यासकास असे आढळले की, त्या भागातील रहिवासी आपल्या घरांतून खाली पोहरे सोडून पाणी काढतात आणि मासेही धरतात. शोध घेता ते जुने टाके पुन्हा उजेडात आले. आपल्या गडकोटांवरील टाकी मुलांनी पाहिलेली असतात. त्यांचा उल्लेख येथे केल्यास तट राखतो आणि पाणी जगविते, हे तत्त्व त्यांना सहज उमगेल.

३. दोन पाडाव

या नगराचे मोठे पाडाव दोन झाले आणि ते दोन्ही शिकवावेत. १२०४ साली चौथ्या धर्मयुद्धासाठी निघालेल्या पश्चिम युरोपातील ख्रिस्ती सैन्याने हे ख्रिस्ती नगर लुटले. १२६१ पर्यंत ते परक्या अमलाखाली राहिले व नंतरही पूर्वीच्या वैभवास पोहोचले नाही. दुसरा पाडाव २९ मे १४५३ चा. एकवीस वर्षांच्या सुलतान दुसऱ्या मेहमदाने मोठ्या तोफा आणल्या, साखळदंड ओलांडता येईना म्हणून जहाजे जमिनीवरून ओढून खाडीत उतरविली आणि सुमारे दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर नगर घेतले. या वेळीही लूट झाली. पुढे मेहमदाने ओस पडत चाललेल्या या नगरात मुसलमान, ख्रिस्ती व ज्यू अशा सर्वांस आणून वसविले, बाजारपेठ बांधली आणि नगर पुन्हा राजधानी झाले.

येथे शिक्षकाची खरी कसोटी लागते. १४५३ चा प्रसंग एकटाच सांगितला तर मुले त्याचा अर्थ दोन धर्मांचे युद्ध एवढाच लावतील आणि तो अर्थ वर्गाबाहेर, गावात घेऊन जातील. १२०४ चा प्रसंग शेजारी ठेवला म्हणजे लुटणारा व लुटला जाणारा एकाच धर्माचेही असू शकतात, हे त्यांना दिसेल. घडलेले दुःख लपवू नये. पण त्याचा दोष आजच्या कोणत्याही समाजाच्या माथी जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. ५३७ साली पूर्ण झालेल्या हागिया सोफिया या वास्तूविषयीही हेच धोरण ठेवावे. ती प्रथम ख्रिस्ती मंदिर, १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद आहे. हा क्रम फळ्यावर सनावळीसह मांडावा व मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.

४. त्या एका वाक्याची दुरुस्ती

आता आरंभीच्या वाक्याकडे वळू. फळ्यावर पुढील सनावळी लिहावी. १४१५ : पोर्तुगीजांनी आफ्रिकेतील सेउटा हे बंदर घेतले. १४५३ : कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव. १४५४ : व्हेनिसचा तुर्कांशी व्यापारी तह. १४८८ : बार्टोलोमेउ डायस आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. १४९८ : वास्को द गामा कालिकतला आला. १५१० : पोर्तुगीजांनी गोवा घेतले.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीजांच्या हालचाली पाडावाच्या आधीच सुरू झाल्या होत्या, हे मुले स्वतःच ओळखतील. पाडावानंतर दुसऱ्याच वर्षी व्हेनिसने तह केला, त्या अर्थी व्यापार थांबला नव्हता. शिवाय आपल्या मलबारची मिरी त्या काळी मुख्यतः तांबड्या समुद्रातून इजिप्तमध्ये व तेथील अलेक्झांड्रिया बंदरातून व्हेनिसला जात असे, आणि इजिप्त तुर्कांच्या हाती आले ते १५१७ साली. म्हणून मुलांकडून पुढील वाक्य लिहून घ्यावे : मध्यस्थ व्यापारी व जकाती यांमुळे मसाल्याचे पदार्थ महाग पडत, तो नफा स्वतःस मिळावा म्हणून पोर्तुगीजांनी समुद्रमार्ग शोधला, १४५३ च्या घटनेने या प्रयत्नांना भर पडली असेल, परंतु त्यांचे मूळ तेथे नव्हते. मुलांनी हे उत्तर लिहिले तर त्यास पूर्ण गुण द्यावेत.

५. राजधानी गेली, महानगर राहिले

पहिल्या महायुद्धानंतर उस्मानी साम्राज्य लयास गेले. १३ ऑक्टोबर १९२३ रोजी राजधानीचा मान अंकाराला मिळाला. १९३० मध्ये इस्तंबूल हे नाव अधिकृतपणे रूढ करण्यात आले. या नावाचे मूळ शहरात, शहराकडे अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांत आहे, असे सामान्यतः मानतात. आपल्याकडेही खेड्यातील माणूस गावाचे नाव न घेता शहरात जाऊन आलो असे म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

राजधानी गेली तरी जागेचे महत्त्व गेले नाही. १९५० च्या सुमारास सुमारे दहा लाख वस्तीचे हे शहर आज दीड कोटींहून अधिक लोकांचे झाले आहे. १९७३, १९८८ व २०१६ या वर्षी बॉस्फरसवर पूल झाले. २०१३ मध्ये समुद्रतळाखालून रेल्वे सुरू झाली. या रेल्वेसाठी येनिकापी भागात खोदकाम चालू असता एक बुजलेले प्राचीन बंदर, ३७ जुनी जहाजे व त्याहीखाली सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मानवाची पावले उमटलेली आढळली. उत्खननासाठी रेल्वेचे काम कित्येक वर्षे लांबले. रेल्वे आधी की उत्खनन आधी, या विषयावर वर्गात दोन पक्ष करून चर्चा घडवावी.

या शहरास एक भयही आहे. उत्तर अनातोलियाचा भूभ्रंश शहराच्या दक्षिणेस मार्मारा समुद्राखालून जातो. १७ ऑगस्ट १९९९ रोजी शहराच्या पूर्वेकडील इझमित परिसरात भूकंप होऊन सतरा हजारांहून अधिक माणसे दगावली. पाचव्या शतकात भूकंपाने तट पडला तेव्हा नागरिकांनी तो साठ दिवसांच्या आसपास पुन्हा उभारला होता. दीड कोटींच्या वस्तीची घरे आगाऊ बळकट करणे हे त्याहून पुष्कळच अवघड काम आहे. लातूर व कोयना यांची नावे ऐकलेल्या महाराष्ट्रातील मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

स्वाध्याय

(१) इस्तंबूलचा रेखानकाशा काढून तीन बाजूंचे पाणी व एका बाजूचा तट दाखवा.
(२) आपल्या गावाची जागा पूर्वजांनी का निवडली असावी? नदी, वाट, उंचवटा व माती यांचा विचार करून दहा ओळी लिहा.
(३) गावातील सर्वांत जुनी विहीर, बारव वा तळे पाहा. ते कोणी बांधले, आज त्याचे पाणी वापरतात काय व नसल्यास का, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून आणा.

तिसऱ्या स्वाध्यायाच्या वह्या शिक्षकांनी तपासून शाळेत जपून ठेवाव्यात. गावाच्या पाण्याची अशी नोंद अन्यत्र क्वचितच मिळेल, आणि टंचाईच्या वर्षी ती ग्रामपंचायतीसही उपयोगी पडेल.